लेख पाठवलाय, पण उत्तरच नाही!

मागच्या अंकात या पानाच्या तळाशी मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की मासिकांसाठी लिहायला सुरुवात करायची असेल आणि काही अडत असेल तर विचारा. मला वाटलं पाच-सहा पत्रं येतील. इतकी आली की मोजायचं सोडून दिलं, आणि गंमत म्हणजे निम्म्या पत्रांमध्ये प्रश्न एका ओळीचा आणि सोबत जोडलेला लेख सात पानांचा! लेख मी वाचणार नाहीये हो, आधीच सांगते, पण प्रश्न घेतलेत. नावं मुद्दाम छापली नाहीत. माझ्याबद्दल एवढंच, की मी बरीच वर्षं एका मासिकात आधी प्रूफं तपासली, मग उपसंपादक झाले, आणि त्याच्याही आधी स्वतःचे लेख परत येताना बघितलेत, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बोलतेय असं समजा.

प्रश्न : ताई, गेल्या वर्षभरात मी चार मासिकांना सहा लेख पाठवले. एक साभार परत आला, बाकीच्यांचं हो नाही की नाही नाही. ओळख असल्याशिवाय कोणी छापत नाही असं सगळे म्हणतात. खरंय का हे?

ओळखीचा उपयोग होतच नाही म्हटलं तर खोटं होईल. ओळखीच्या माणसाची मेल जरा लवकर उघडली जाते. पण उघडल्यावर पहिल्या दोन परिच्छेदांत लेख पकडत नसेल तर पुढे ओळख काही कामाची नाही, उलट नाही म्हणताना जास्त अवघडल्यासारखं होतं. माझ्या मावसबहिणीचा लेख मी परत केलाय, ती अजून टोमणे मारते.

आता मी तुम्हाला उलटा प्रश्न विचारते, राग मानू नका. ज्या चार मासिकांना लेख पाठवलेत त्यांचे मागचे पाच-सहा अंक तुम्ही वाचलेत का? नुसते चाळलेत असं नाही म्हणत मी. शिंपी कसा समोरच्याचा शर्ट बघतो, रंगबिंग राहू दे, शिवण कुठे घातलीय आणि कॉलर कशी बसवलीय ते बघतो, तसे वाचलेत का. अनुक्रमणिका उघडा आणि शेजारी संपादक मंडळाची नावं असलेलं पान ठेवा. जी सदरं दर अंकात त्याच त्या माणसांच्या नावावर आहेत ती घरची आहेत, तिथे तुम्हाला जागा नाही. जिथे दर वेळी वेगळं आणि बाहेरचं नाव दिसतं तिथे दार उघडं आहे. मग त्या दारातून आत गेलेले लेख मोजा, अक्षरशः शब्द मोजा. ७०० शब्दांचं पान असेल आणि तुम्ही २२०० शब्द पाठवलेत तर तो लेख कितीही चांगला असला तरी संपादकाला त्यात पहिलं काय दिसतं माहितेय? काम. दोन तासांचं काटछाटीचं काम.

अजून एक बघा, लेखक वाचकाशी कसा बोलतो. काही मासिकांत 'तुम्ही' म्हणतात, काहींत 'आपण', काहींत लेखक स्वतःबद्दल अवाक्षर काढत नाही. हे कुठे लिहिलेलं नसतं, अंक वाचूनच कळतं.

आणि बऱ्याचदा लेख परत येण्याचं कारण तुमच्या लेखात नसतंच. 'मॅगझिन' हा शब्द मुळात कोठार या अर्थाच्या अरबी शब्दावरून आलाय, म्हणून तर बंदुकीत गोळ्या भरतात त्या भागालाही मॅगझिनच म्हणतात. १७३१ साली लंडनमध्ये एडवर्ड केव्ह नावाच्या माणसानं 'जंटलमन्स मॅगझिन' काढलं आणि नियतकालिकासाठी हा शब्द पहिल्यांदा वापरला, का तर इकडचं तिकडचं सगळं एकाच कोठारात मिळेल. संपादक अजूनही कोठारवालाच आहे. एका प्रकारची पोती आधीच थप्पीला लागलेली असतील तर तुमचं पोतं कितीही निवडक असलं तरी तो म्हणणार, आत्ता नको. आजीच्या आठवणींची आमच्याकडे नेहमी थप्पी असायची. विनोदी छोटं लेखन, एखाद्या कामाची आतली माहिती, चांगली मुलाखत, यांचा मात्र कायम दुष्काळ.

तारखांचंही तसंच. मासिकाचा अंक दोन-तीन महिने आधी ठरतो, विशेषांक त्याहूनही आधी. पावसावरचा लेख पाऊस पडायला लागल्यावर सुचतो हे मान्य, पण तेव्हा पाठवलात तर तो पुढच्या वर्षीच्या पावसासाठीच जाणार, आणि तोपर्यंत फोल्डरच्या तळाशी.

प्रश्न : मी गणिताचा निवृत्त शिक्षक. वेळ भरपूर आहे, लिहायची हौस आहे. 'आजची पिढी', 'ताणतणाव', 'शिक्षणाचं महत्त्व' असे विषय डोक्यात आहेत. यातला कुठला विषय चालेल?

सर, खरं सांगू का, यातला एकही नाही, आणि तिन्हीही. हे विषय नाहीत, ही कपाटं आहेत. आख्खं कपाट उचलून कोणी कोणाला देतं का, त्यातलं एक पुस्तक काढून द्यायचं असतं.

माझी स्वतःची फजिती सांगते. मी पहिला लेख लिहिला तो 'वेळ' या विषयावर. तीन हजार शब्द. काळ म्हणजे काय, काळ थांबत नाही, काळाचा महिमा, सगळं होतं त्यात. लेख साभार परत आला. पण संपादकांनी एका ओळीभोवती पेन्सिलनं गोल केला होता आणि समासात लिहिलं होतं, "याबद्दल लिहा." ती ओळ होती माझ्या काकांबद्दल, ते घड्याळं दुरुस्त करायचे, आणि मी जाता जाता लिहून गेले होते की गिऱ्हाईक घड्याळ देताना नेहमी सांगतं, "पडलंबिडलं नाही हो, आपोआपच बंद झालं." मग मी काकांकडे दोन रविवार बसले, लोक काय काय सांगतात ते लिहून घेतलं. कोणी शपथ घेतं की पाणी लागलेलं नाही, आणि झाकण उघडलं की आत वाफ धरलेली. काका काही बोलायचे नाहीत, नुसतं भिंगातून बघायचे आणि म्हणायचे, "ठेवून जा." अडीचशे शब्द झाले. पानपूरक म्हणून छापून आले, एका मोठ्या लेखाच्या शेवटी जागा उरली होती तिथे. ते तीन हजार शब्द जगातल्या कोणालाही लिहिता आले असते, हे अडीचशे फक्त मलाच येत होते, हे मला तेव्हा धड कळलंही नव्हतं, मी आपली नाव किती बारीक अक्षरात छापलंय यावर रुसले होते.

तर तुमच्याकडे काय आहे बघा. तुम्ही इतकी वर्षं वह्या तपासल्यात. मुलं अपूर्णांकांची बेरीज करताना एक ठरावीक चूक करतात, १/२ अधिक १/३ बरोबर २/५, वरचे दोन मिळवले, खालचे दोन मिळवले, झालं. आपण लाल पेनानं फुली मारून पुढे जातो. पण मूल असं का करतं? त्याला तोवर जी बेरीज शिकवली त्यात दिसतील ते आकडे मिळवायचे असाच नियम होता ना, त्यानं तो प्रामाणिकपणे पाळला. आणि त्याला जर विचारलं, अर्ध्यात काहीतरी घातलं तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं येईल रे, कारण दोन पंचमांश अर्ध्याहून कमीच की, तर त्या क्षणी त्याचा चेहरा कसा होतो हे तुम्ही बघितलं असणार, मी नाही बघितलेलं. हा लेख आहे. 'वहीतल्या पाच चुका आणि त्यामागचं डोकं' असं काहीतरी म्हणा त्याला. शिक्षणाचं महत्त्व त्यात आपसूक येईल, तो शब्दही न वापरता.

विषय बारीक करायची माझी एक साधी रीत आहे. कपाटाचं नाव घ्यायचं, समजा 'झोप', आणि विचारत जायचं, कोणाची, कधीची, आणि अडचण नेमकी कुठे. झोप म्हटलं की सगळे जांभया देतील. रात्रपाळी करणाऱ्यांची झोप, जरा बरं. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपता यावं म्हणून घरातली बाकीची माणसं काय काय करतात, कुकर कधी लावतात, बेल काढून ठेवतात का, लहान मुलाला कसं गप्प करतात, आता कुठे वाचावंसं वाटायला लागलं. मग अशा तीन घरांतल्या माणसांशी बोला. तीन तरी हवीतच. एका माणसाशी बोललं की ती त्याची गोष्ट होते, तीन झाले की कुठे जुळतंय आणि कुठे नाही ते दिसायला लागतं.

प्रश्न : आधी संपादकांना विचारायचं की सरळ पूर्ण लेख लिहून पाठवायचा?

कथा, कविता, ललित, स्वतःचा अनुभव, विनोदी असेल तर सरळ पूर्ण पाठवा, कारण त्यात मजा लिहिण्यात असते, ती आधी सांगून कळत नाही. माहितीपर लेख, मुलाखत, कुठे जाऊन बघून लिहायचा रिपोर्ट असेल तर आधी विचारा. त्यात तुमचाच फायदा, दहा लोकांना भेटून झाल्यावर कळायचं की त्यांनी हाच विषय मागच्याच महिन्यात केलाय.

विचारायचं कसं, तर थोडक्यात. मला येणाऱ्या मेल अशा असायच्या : "मी लहानपणापासून लेखनाची आवड जोपासत आलो असून माझ्या लेखनावर आप्तेष्टांनी भरभरून प्रेम केले आहे, आपल्या दर्जेदार मासिकात संधी मिळाल्यास..." आणि यात कशावर लिहिणार हेच नाही! त्यापेक्षा असं लिहा :

"नमस्कार. रात्रपाळी करणाऱ्यांना दिवसा झोपता यावं म्हणून घरचे काय युक्त्या करतात यावर ९०० शब्दांचा लेख लिहायचा विचार आहे. एक नर्स, एक वॉचमन आणि एक छापखान्यातला कामगार यांच्या घरच्यांशी बोलणं झालंय. तुमच्या 'घर' या सदरात बसेल असं वाटतं. माझी आई २० वर्षं रात्रपाळी करायची, त्यामुळे हे आतून माहीत आहे. होकार असेल तर तीन आठवड्यांत देऊ शकेन."

बास. काय लिहिणार, किती, कोणाशी बोललात, कुठल्या पानासाठी, तुम्हीच का, आणि कधी देणार. यातलं 'कुठल्या पानासाठी' हे वाचलं की संपादक सरसावून बसतो, कारण या माणसानं अंक वाचलाय. आणि तीन आठवडे म्हणालात तर तीन आठवड्यांत द्या, नवीन माणसानं तारीख पाळली की आम्ही त्याचं नाव वहीत लिहून ठेवायचो, खोटं नाही सांगत.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. लिहायला बसते पण सुरुवातच होत नाही. पहिलं वाक्य भारी असलं पाहिजे म्हणतात आणि मी तासभर त्या एका वाक्यातच अडकते. काय करू?

पहिलं वाक्य पहिल्यांदा लिहायचं असं कोणी सांगितलं तुला? मधूनच सुरू कर. जे तुला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतंय, मैत्रिणीला फोन लावलास तर "अगं ऐक ना" म्हणून जे आधी सांगशील, तिथून. बाकीचं मागून येतं, आणि सुरुवात सगळ्यात शेवटी लिहिली तरी चालते, छापलेल्या पानावर कोणाला कळतंय?

दुसरं म्हणजे लेख लिहून झाला की पहिले दोन परिच्छेद झाकून तिसऱ्यापासून वाचून बघ. दहापैकी सात वेळा लेख तिसऱ्यापासूनच सुरू होत असतो (हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, पण मी त्यावर पैज लावायला तयार आहे). पहिल्या दोनात आपण नुसते घसा खाकरत असतो. "आजच्या धकाधकीच्या जीवनात", "मानव हा समाजशील प्राणी आहे", "पूर्वीच्या काळी असे नव्हते" ही सगळी खाकरणीच. शब्दकोशातली व्याख्या देऊन सुरुवात केलेला लेख तर मी आजवर आनंदानं वाचलेला नाही.

एक नमुना देते. हे एका नवीन लेखिकेच्या लेखाची सुरुवात कशी होती त्यावरून मी बनवलंय : "आजच्या स्पर्धेच्या युगात प्रत्येकालाच मुलाखतीला सामोरे जावे लागते. मुलाखत म्हटली की मनात भीतीचे काहूर माजते. अशा वेळी आत्मविश्वास महत्त्वाचा ठरतो." आणि चौथ्या परिच्छेदात हे होतं : "माझा नंबर सतरावा होता. सोळाव्या नंबरची मुलगी बाहेर आली आणि तिनं मला काही न विचारता तिच्या पाण्याची बाटली दिली." आता सांग कुठून सुरू करायचं!

पण नुसती अशी चटकदार सुरुवात करून लेख वाऱ्यावर सोडायचा नाही हं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या परिच्छेदाच्या आत वाचकाला कळलं पाहिजे की हे तू त्याला का सांगतेयस, पुढे काय मिळणार आहे. एक-दोन साधी वाक्यं पुरतात. नवीन लोक हे विसरतात, बाटलीवरून आईवर जातात, आईवरून गावावर, आणि वाचक बिचारा मुलाखत कधी होणार म्हणून वाट बघत बसतो. लिहून झालं की मोठ्यानं वाच. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोड. जिथे वाचताना तुलाच थोडी लाज वाटते तिथे बहुतेक तू खोटं किंवा दुसऱ्या कोणाच्या आवाजात लिहिलेलं असतं.

प्रश्न : माझं शुद्धलेखन फार कच्चं आहे. त्यामुळे पाठवायचा धीर होत नाही.

ऱ्हस्व-दीर्घ तपासायला आमच्याकडे माणसं असतात, त्यासाठी अडून राहू नका. पण माणसांची नावं, गावांची नावं, तारखा आणि आकडे तुम्हीच बरोबर द्यायचे, ते आम्हाला कळायला मार्ग नसतो. आणि युनिकोडमध्ये टाइप करा, फोनवरचा साधा मराठी कीबोर्ड चालतो, वहीच्या पानांचे वाकडे फोटो नकोत.

प्रश्न : माझा पहिलाच लेख छापून आला. आनंद व्हायचा तर रडू आलं. १५०० शब्दांचा ९०० केला, मथळा बदलला, आणि शेवटचा परिच्छेद, जो मला सगळ्यात आवडला होता, तोच उडवला. न विचारता असं करायचा अधिकार आहे का त्यांना?

आधी अभिनंदन तर घ्या! आणि रडू येणं साहजिक आहे, मलाही आलं होतं. पण एक-एक करून बघू.

मथळा संपादकाचाच असतो, जवळपास सगळीकडे. कारण शेजारच्या पानावरचा मथळा काय आहे, पानावर किती अक्षरं बसतात, मुखपृष्ठावर काय घेतलंय हे त्याला माहीत असतं, तुम्हाला नसतं. तुम्ही सुचवा जरूर, दोन-तीन सुचवा, पण मन गुंतवू नका त्यात.

शब्द का कापले, तर मासिकाचा कागद रबरासारखा ताणता येत नाही. मोठ्या कागदावर दोन्हीकडून छापून घड्या घातल्या की आठ किंवा सोळा पानांचा फॉर्म होतो, त्यामुळे अंकाची पानं अशा टप्प्यांनीच वाढतात, तुमच्या लेखासाठी एक पान वाढवायचं तर आख्खा फॉर्म वाढवावा लागेल. त्यात ऐन वेळी एक जाहिरात येते. ती आली की कोणाचा तरी लेख आखडतो, आणि नवीन लेखकाचा आखडणं सोपं असतं कारण तो भांडायला येत नाही. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही, असं होतं एवढं सांगते.

शेवटच्या परिच्छेदाचं मात्र मला तुमचा लेख न बघताही सांगता येईल. त्यात तुम्ही लेखाचं तात्पर्य लिहिलं होतं ना? "म्हणूनच आपण सर्वांनी" वगैरे? उपसंपादक आधी तेच उडवतो. वाचकाला कळलेलं असतं, आणि शेवटून कापणं सोयीचं पडतं. माझं ऐका, घरी दोन्ही लेख शेजारी शेजारी ठेवा, तुमचा आणि छापलेला, आणि काय काय गेलं त्याच्याखाली रेघा मारा. पहिल्या दिवशी नको, राग असतो. आठवड्यानं करा. मी प्रूफं तपासत होते तेव्हा हेच करायचे, चांगल्या उपसंपादकानं कापलेला लेख आणि मूळ लेख समोरासमोर ठेवायचे. जे काही शिकले ते तिथे. विशेषणं जायची, "अतिशय", "खरोखरच" जायचे, एकच गोष्ट दोनदा सांगितलेली असली तर दुसरी जायची, आणि आश्चर्य म्हणजे लेखकाचा आवाज तसाच राहायचा.

आता जिथे तुम्ही भांडायलाच हवं ते सांगते. कापताना अर्थ बदलला असेल, तुम्ही म्हणालाच नाहीत ते तुमच्या नावावर छापलं असेल, कोणाचं नाव चुकवलं असेल, तर शांतपणे पण लेखी कळवा आणि पुढच्या अंकात दुरुस्ती मागा. तो तुमचा हक्क आहे. आणि पुढच्या वेळी लेख देतानाच विनंती करा की छापायच्या आधी एकदा बघायला मिळेल का. काही देतात, काही नाही देत.

प्रश्न : माहिती नेटवरून घेतली तर चालते ना? आणि हल्ली एआयकडून लेख लिहून घेतात, त्याचं काय?

शोधायला नेट वापरा, पण छापायच्या आधी मूळ जागी जाऊन बघा. माझं तोंड पोळलंय म्हणून सांगते. एका लेखात "माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो" हे वाक्य होतं, इतक्या ठिकाणी वाचलेलं होतं की मी न थांबता पुढे पाठवलं. ते साफ चूक आहे, मेंदूचे सगळे भाग वापरात असतात, झोपेतही बऱ्याचशा भागांचं काम चालू असतं. पुढच्या महिन्यात एका डॉक्टर वाचकांचं पत्र आलं, फार सभ्य भाषेत, त्यामुळे जास्त लागलं. तेव्हापासून जे वाक्य वाचताना "हो हो, हे तर सगळ्यांना माहितीय" असं वाटतं तेच मी आधी तपासते. थोरामोठ्यांच्या नावावर फिरणारी सुवचनं तर निम्मी त्यांची नसतातच.

एआयचं म्हणाल तर शुद्धलेखन बघायला, मुद्दे लावून बघायला कोणी वापरलं तर मी कपाळाला आठ्या घालत नाही. पण आख्खा लेख तिथून आला की तो ओळखू येतो, कारण त्यात कोणी काही बोललेलं नसतं. सगळीकडे "अनेक जण" आणि "तज्ज्ञांच्या मते". बाटली देणारी सोळा नंबरची मुलगी त्यात नसते. आणि काही मासिकं आता आधीच विचारतात की वापरलंय का, तर तेव्हा खरं सांगा.

प्रश्न : मानधनाचं विचारलं तर वाईट दिसेल का? आणि छापलेला लेख मी दुसरीकडे देऊ शकते का?

अजिबात वाईट दिसत नाही. लेख स्वीकारला की लगेच, काम सुरू करायच्या आधी, एका ओळीत विचारायचं, "मानधन किती आणि कधी मिळतं?" बस्स. अंक निघाल्यावर सहा महिन्यांनी चाचरत विचारलं की वाईट दिसतं. काही ठिकाणी काहीच मिळत नाही, फक्त अंकाची प्रत येते. पहिल्या दोन-तीन लेखांना हवं तर चालवून घ्या, पण सवय लावू नका, त्यांनाही आणि स्वतःलाही.

हक्कांचं असं आहे. लेख लिहिला की कॉपीराइट आपोआप तुमचा होतो, कुठे नोंदणी लागत नाही, १८८६ च्या बर्न करारात हे तत्त्व नंतर घातलं गेलं आणि जगातले बहुतेक देश त्या करारात आहेत. मासिकाला तुम्ही सहसा पहिल्यांदा छापायचा हक्क देता. पण काही ठिकाणी कायमचे सगळे हक्क लिहून घेतात, त्यामुळे सही करायच्या आधी तो कागद वाचा, बारीक अक्षरातला सुद्धा. आणि संरक्षण असतं ते तुमच्या शब्दांना, कल्पनेला नाही. रात्रपाळीवर उद्या दुसरं कोणी लिहिलं तर चोरी म्हणून ओरडता येत नाही. बरेच नवीन लोक याच भीतीनं संपादकाला विषय सांगतच नाहीत, अहो विषयाला कोण विचारतंय, तुमच्या आईची रात्रपाळी कोणाला चोरता येणार आहे?

एकच लेख एकाच वेळी दोन मासिकांना पाठवू नका, त्यांनी स्वतः चालेल म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी. दोघांनी एकाच महिन्यात छापला तर दोन्ही दारं बंद. असं घडलेलं मी बघितलंय.

प्रश्न : उत्तराची वाट किती दिवस बघायची? परत विचारलं तर चिडतात का?

मासिकानं मुदत दिली असेल तर तेवढी, नसेल तर सहा ते आठ आठवडे. मग एक छोटी मेल, लेखाचं नाव आणि पाठवल्याची तारीख लिहून. फोन नको, अंक प्रेसला जायच्या आठवड्यात आलेल्या फोनवर आम्ही जे बोलतो ते छापण्यासारखं नसतं. अजून दोन आठवडे गेले तरी काही नाही, तर लेख मागे घेतोय असं कळवायचं आणि दुसऱ्या मासिकाच्या मापानं परत कापून-जोडून तिकडे पाठवायचा. जसाच्या तसा नाही, मापानं. आणि तोवर हात बांधून बसायचं नाही, दुसरा लिहायला घ्यायचा.

हो, आणि लेखाच्याच फाइलमध्ये, शेवटच्या ओळीखाली, स्वतःचं नाव आणि फोन नंबर लिहा. फक्त मेलमध्ये नाही, फाइलमध्ये. माझ्याकडे एक अप्रतिम लेख तीन वर्षं पडून होता, लग्नात बँडमध्ये ढोल वाजवणाऱ्या माणसानं लिहिलेला. फाइलचं नाव होतं 'लेख फायनल २'. कोणाचा ते अजून कळलेलं नाही. हे वाचत असाल तर कृपया कळवा, लेख छापायचाय.